बुडत्या चिप कंपनीत पैसा घालावा का?



बियाणे कोणते घ्यावे, खताची मात्रा किती द्यावी, फवारणी केव्हा करावी, हे सांगण्यात माझ्या नोकरीची सत्तावीस वर्षे गेली. शेअरबाजाराविषयी मला कोणी विचारील, असे कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातील एक शेतकरी कार्यालयात आले, टोपी काढून खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतंय, अकरा लाख चिपच्या कंपनीत घाला. चिप म्हंजी काय, ते आधी सांगा."

गावात त्यांना सारे आबा म्हणतात. आपणही तेच म्हणू. रस्त्याच्या कामात त्यांची दीड एकर जमीन गेली. मोबदल्यातून घर सारवून, देणी भागवून अकरा लाख रुपये बँकेत उरले होते. सोसायटीचे तीन लाख थकलेले, विहिरीचे काम अर्धवट आणि धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. थोरला मुलगा मुंबईत अंधेरीला एका संगणक कंपनीत नोकरीस. त्याचे म्हणणे असे की, ग्राफिक्स चिप बनविणारी एक परदेशी कंपनी अडचणीत आली आहे, तिचा शेअर मातीमोल झाला आहे, आत्ता घेतला तर आपली सात पिढ्यांची ददात मिटेल.

आबांसारखा प्रश्न आज अनेक घरांत निघतो. जमिनीचा मोबदला आलेला असतो, मुले शहरात असतात आणि मोबाईलवर रोज कोणी तरी श्रीमंत झाल्याची बातमी येते. म्हणून या प्रकरणात मी जे पाहिले, वाचले आणि शिकलो, ते आपणापुढे ठेवतो.

मुंबईच्या उपनगरात

आबा आणि मी एका शनिवारी निघालो. कल्याणहून लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका. २०१४ साली ही घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून अंधेरीला जाणे बरेच सोपे झाले आहे. मुलगा स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याने आम्हांला सीप्झच्या फाटकापर्यंत नेले. पासाशिवाय आत जाता येत नाही, तेव्हा बाहेरूनच पाहिले.

हे सीप्झ म्हणजे परदेशी पाठवायच्या मालासाठी सरकारने वसविलेली वसाहत. १९७३ साली ती इलेक्ट्रॉनिक्सच्या मालासाठी सुरू झाली. पुढे संगणकाची कामे आली, हिऱ्यांचे दागिने आले. याच वसाहतीतील सिल्व्हरलाइन टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी २००० साली थेट न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंदली गेली होती. तेव्हा तिच्या नावाचा केवढा गवगवा होता! काही वर्षांतच ती ढासळली. मुलगा म्हणाला, "काका, ते जुने झाले. आता चिपचा जमाना आहे."

रात्री बोरिवलीला त्याच्या भाड्याच्या खोलीत जेवण झाल्यावर त्याने आबांना चिप समजावून सांगितली. ती मी माझ्या शब्दांत सांगतो.

ग्राफिक्स चिप म्हणजे काय?

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांचे शेत. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. चित्र हलते दिसायचे तर प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवावा लागतो. संगणकाची मुख्य चिप ही एकट्या हुशार गड्यासारखी असते. त्याला कोणतेही अवघड काम सांगा, तो करील. पण दहा एकरांची निंदणी एकट्याने कशी उरकणार? तेथे हजार बायका ओळीने बसल्या पाहिजेत. ग्राफिक्स चिप म्हणजे ही हजारांची टोळी. प्रत्येकीचे काम सोपे, पण सारी कामे एकाच वेळी चालतात.

ही टोळी आधी संगणकावरील खेळांसाठी जन्मली. पुढे ध्यानात आले की, कृत्रिम बुद्धिमत्तेलाही असेच लाखो सोपे गुणाकार एकाच वेळी करावे लागतात. २०१२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी खेळांसाठी मिळणारी दोन साधी ग्राफिक्स कार्डे वापरून चित्रे ओळखणारा संगणक घडविला आणि स्पर्धा जिंकली. तेथून या चिपांची मागणी वाढत गेली.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. यांतील बहुतेक कंपन्या चिप स्वतः बनवीत नाहीत. त्या फक्त आराखडा करतात आणि तैवानसारख्या ठिकाणच्या कारखान्यात चिप बनवून घेतात. बियाणे कंपनी वाण आपला ठेवते आणि बीजोत्पादन शेतकऱ्याकडून करून घेते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून अशा कंपनीकडे जमीन, यंत्रे फारशी नसतात. वाण फसला तर विकायला काही उरत नाही.

बुडता बुडता वाचलेली कंपनी

मुलगा ज्या कंपनीचा दाखला देत होता, ती अमेरिकेतील एनव्हीडिया. एप्रिल १९९३ मध्ये जेन्सन हुआंग, ख्रिस मालाकोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी ती काढली. डेनीज नावाच्या साध्या उपाहारगृहात बसून त्यांनी बेत आखला. याच नावाच्या दुसऱ्या एका उपाहारगृहात हुआंग लहानपणी भांडी घासत असत.

१९९५ साली त्यांची पहिली चिप आली आणि पडली. का पडली, ते ऐका. त्यांनी चित्रे वक्र आकारांनी काढण्याची रीत धरली होती. बाकी सारे जग त्रिकोणांनी चित्रे काढू लागले होते आणि मायक्रोसॉफ्टने त्रिकोणांचीच रीत सर्वांसाठी प्रमाण ठरविली. आपल्या भाषेत सांगायचे तर गावातली कोळपी अठरा इंचांची आणि यांनी पेरणी केली बावीस इंचांच्या तिफणीने. पीक कितीही चांगले असो, कोळपणार कशाने?

त्याच वेळी जपानच्या सेगा या खेळांच्या कंपनीसाठी चिप बनविण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेही याच चुकीच्या रीतीवर चालले होते. हुआंग यांनी सेगाच्या इरिमाजिरी यांना सरळ सांगितले की, हे काम आमच्याने पुरे होणार नाही, तुम्ही दुसरा कोणी पाहा. पण पैसे मिळाले नाहीत तर आम्ही बुडू. इरिमाजिरींनी ५० लाख डॉलर कंपनीत भागभांडवल म्हणून घातले. हुआंग यांनी निम्म्याहून अधिक माणसे कमी केली, जुनी रीत टाकून त्रिकोणांची धरली आणि १९९७ साली नवी चिप काढली. चार महिन्यांत तिचे सुमारे दहा लाख नग खपले. कंपनी वाचली.

जानेवारी १९९९ मध्ये तिचा शेअर १२ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या सुमारे पाचशे रुपयांना लोकांना मिळाला. त्यानंतर वेळोवेळी शेअरची विभागणी होऊन त्या एकाचे ४८० शेअर झाले. २०२४ च्या अखेरीस प्रत्येकाचा भाव १०० डॉलरच्या वर होता. म्हणजे पाचशे रुपयांचे पन्नास लाखांहून अधिक झाले. जून २०२४ मध्ये ती काही दिवस जगातील सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हुआंग वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन मुकेश अंबानींबरोबर बोलले. तेव्हापासून आपल्या मुलांच्या डोक्यात या कंपनीने घर केले.

हे ऐकून आबांचे डोळे चमकले. मलाही क्षणभर मोह झाला. पण गोष्ट येथे संपत नाही.

न सांगितलेली बाजू

पहिली गोष्ट, ज्या सेगाने कंपनी वाचविली, तिने आपला हिस्सा पुढे सुमारे दीड कोटी डॉलरला विकून टाकला. तिप्पट झाले आणि ती मोकळी झाली. घरातल्या माणसालाही पुढचे दिसले नाही.

दुसरी गोष्ट, २००२ साली या शेअरचा भाव वर्षभरात सुमारे नव्वद टक्के कोसळला. लाखाचे दहा हजार. २००८ साली लॅपटॉपमधील सदोष चिपांपायी कंपनीला १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले आणि शेअर पुन्हा जबर पडला. बंधूंनो, मुलीचे लग्न ठरलेले असताना लाखाचे दहा हजार झाले, तर आपण शेअर धरून बसलो असतो का? छातीवर हात ठेवून सांगा.

तिसरी गोष्ट, १९९९ साली आपल्यासारख्या सामान्य माणसाला परदेशी शेअर घेण्याची सरळ वाटच नव्हती. रिझर्व्ह बँकेने ती वाट २००४ साली उघडली.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्याच काळात थ्रीडीएफएक्स नावाची दुसरी कंपनी होती. १९९६ साली तिची वूडू चिप आली आणि खेळणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. तेव्हा कोणालाही विचारले असते की, या दोघींतली कोण टिकेल, तर दहापैकी नऊ जणांनी थ्रीडीएफएक्सचेच नाव घेतले असते. मग तिने एक चूक केली. तोवर ती चिप विकत असे आणि दुसऱ्या कंपन्या तिची कार्डे बनवीत. १९९८ साली तिने कार्डे बनविणारी एक कंपनीच विकत घेण्याचे ठरविले. जिनिंगवाला स्वतःच सुताचा व्यापार करू लागला, तर बाकीचे व्यापारी त्याच्याकडे रुई घ्यायला कशाला येतील? गिऱ्हाईक तुटले, नवी चिप वेळेवर आली नाही. डिसेंबर २००० मध्ये तिने आपले किडुकमिडुक एनव्हीडियालाच विकायला काढले आणि २००२ साली दिवाळे काढले. भागधारकांच्या हाती फारसे काही उरले नाही.

अशा आणखी कितीतरी कंपन्या त्या काळात निघाल्या आणि गेल्या. त्यांच्या गोष्टी मोबाईलवर कोणी पाठवीत नाही. ज्या बियाण्याला भरघोस कणीस आले त्याचा फोटो दुकानात लागतो, जे उगवलेच नाही त्याचा फोटो कोण लावतो?

आपल्या अमळनेरचा दाखला

मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे आपण शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचेच नाहीत का?" मी म्हटले, "असे मी कोठे म्हणतो? आपल्या खानदेशातले अमळनेर आठव."

डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरला महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करायचे, हा तिचा धंदा. आसपासचे शेतकरी भुईमूग तेथे घालीत. गावातल्या अनेकांनी तिचे थोडेथोडे शेअर घेतले. १९६६ साली प्रेमजी वारले आणि एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतले शिक्षण अर्धवट सोडून आला. पुढे कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली. तीच आजची विप्रो. ज्या घरांनी ते शेअर पेटीत जपून ठेवले, त्यांची नातवंडे लक्षाधीश, कोट्यधीश झाली.

यात ध्यानात घेण्यासारखे काय आहे? अमळनेरकरांनी घरदार विकून शेअर घेतले नव्हते. पदरी थोडा पैसा होता, तो घातला. कारखाना डोळ्यांसमोर होता, धुराडे रोज दिसत होते, मालक ओळखीचा होता. आणि मुख्य म्हणजे तो पैसा परत काढण्याची त्यांना गरज पडली नाही, म्हणून पंचवीस-तीस वर्षे तो तेथे राहू शकला. गरजेचा पैसा इतका थांबत नाही.

माझीही एक चूक

आता मला स्वतःविषयी सांगणे भाग आहे, नाही तर हा सारा उपदेश कोरडा ठरेल. २००० साली मी नोकरीत नवा होतो. एका स्नेह्याच्या सांगण्यावरून मी संगणकाचे सुटे भाग जुळविणाऱ्या एका कंपनीचे चाळीस हजारांचे शेअर घेतले. तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही. शेअर आधीच निम्म्यावर आला होता. मला वाटले, आता याहून किती खाली जाणार?

बंधूंनो, शंभराचा शेअर दहावर आला म्हणजे स्वस्त झाला, असे नसते. दहाचा एक होतो, तेव्हा नव्याने घेणाऱ्याचेही नव्वद टक्के बुडतात. माझे तसेच झाले. आजही माझ्या खात्यात त्या कंपनीची एक ओळ आहे. तिला किंमत नाही.

ते चाळीस हजार गावाकडच्या घरावर पत्रे घालण्यासाठी ठेवलेले होते. आईला मी सांगितले की, सरकारकडून माझी रक्कम अडकली आहे. पुढचे दोन पावसाळे म्हातारी चुलीवर परात धरून भाकरी भाजीत होती. माझ्या पत्नीलाही मी तीन वर्षांनी सांगितले. पैसा गेल्याचे दुःख विसरलो, ती परात विसरलो नाही.

हे मी बोरिवलीच्या त्या खोलीत सांगितले, तेव्हा आबा काही बोलले नाहीत. मुलाने मात्र मोबाईल खाली ठेवला.

विहिरीतले पाणी मोजा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी त्या अडचणीतल्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढला. इंग्रजी मुलाने वाचले, प्रश्न मी विचारले. तेच प्रश्न आपणही विचारावेत.

पहिला, रोकड किती आणि दर तिमाहीला तोटा किती? विहिरीत पाणी किती परस आहे आणि मोटार रोज किती उपसते, हे पाहिल्याशिवाय आपण उन्हाळी पीक घेत नाही. समजा, कंपनीकडे ६० कोटी आहेत आणि दर तिमाहीला १५ कोटी जातात, तर चार तिमाह्यांनी तळ दिसणार. आम्ही पाहिलेल्या कंपनीचे पाणी पाच तिमाह्यांपुरते होते.

दुसरा, कर्ज किती? कंपनी बुडाली तर आधी सावकार, बँका, कामगार आणि सरकार यांची देणी फिटतात. भागधारकाची पंगत शेवटची. बहुधा भांडी रिकामी झालेली असतात.

तिसरा, नवे शेअर काढले जात आहेत का? दहा एकरांत चार भाऊ असतील तर अडीच एकर वाट्याला येते. आठ भाऊ झाले तर सव्वा एकर. अडचणीतली कंपनी पैशासाठी नवे वाटेकरी घेते आणि तुमचा वाटा घटतो. या कंपनीने दोन वर्षांत दोनदा असे केले होते.

चौथा, गिऱ्हाईक किती? अर्ध्याहून अधिक माल एकच व्यापारी उचलीत असेल, तर त्याने पाठ फिरविताच धंदा बसतो. येथे तेच होते.

पाचवा, पुढचा वाण कोणता आणि तो जगाच्या रीतीला धरून आहे का? हे ज्याला समजत नाही, त्याने त्या शेतात पाय ठेवू नये. मुलाला हे थोडे समजत होते, आबांना आणि मला मुळीच नाही.

याशिवाय काही गोष्टी सर्वांनीच पाळाव्यात. परदेशी शेअरसाठी एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे नियमाने बाहेर पाठविता येतात; ते बँकेमार्फतच जावेत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, परंतु शेअरच्या नफ्यावर आहे, हे विसरू नका. डॉलरचा भाव बदलला की आपला हिशोबही बदलतो. मोबाईलवर खात्रीने दामदुप्पट सांगणारा जो कोणी असेल, त्याची सेबीकडे नोंदणी आहे का ते पाहा. आणि खात्री देणारा तेवढ्यावरूनच खोटा समजा. शेअरमध्ये खात्री कोणालाही देता येत नाही.

आबांनी काय केले?

परतताना आबा लोकलमध्ये मुलुंडपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, पोराचं मन मोडू नये आणि घरही मोडू नये, असं काही करता येईल का?"

आम्ही मुलुंड ते कल्याणच्या दरम्यान कागदावर हिशोब मांडला. सोसायटीचे तीन लाख फेडायचे. साडेतीन लाखांत विहीर पुरी करून पाइपलाइन टाकायची. मुलीच्या शिक्षणासाठी तीन लाख ठेवीत. एक लाख अडीअडचणीला हाताशी. उरले पन्नास हजार. ते मुलाला द्यायचे आणि सांगायचे की, हे तुझ्या अभ्यासाचे पैसे. गेले तर विचारणार नाही, वाढले तर बहिणीला वाटा द्यायचा.

मुलाने पन्नास हजारही त्या एका कंपनीत घातले नाहीत. वीस हजार तेथे घातले आणि बाकीचे अनेक कंपन्यांत विभागून ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा थोडे थोडे घालू लागला. त्या कंपनीचा शेअर घेतला त्या भावाच्या खाली आहे. उद्या ती वाचेल की बुडेल, हे मी सांगू शकत नाही. आबा विचारतही नाहीत.

विहिरीला मात्र वैशाखात पाणी लागले. कांद्याला शेवटचे दोन पाणी घरच्या विहिरीचे मिळाले.

वाचकहो, शेवटी एकच सांगतो. घरात चार पैसे आले आणि ते कोठे घालावे असा विचार निघाला, तर ती गोष्ट पुरुषांनी पुरुषांतच ठेवू नका. आईला सांगा, पत्नीला सांगा, शिकत्या मुलीलाही सांगा. जो व्यवहार चुलीपुढे बसून सांगता येत नाही, तो बहुधा करण्यासारखा नसतो. मला हे समजायला चाळीस हजार रुपये आणि दोन पावसाळे लागले. आपणास हे पान वाचून समजले, तर ते पैसे सत्कारणी लागले असे मी समजेन.